पोफळ्याचं पालक क्लॉक

एका गावाच्या वेशीवर लिफ्ट चालवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवणारी कंपनी होती आणि त्या कंपनीत पोफळे नावाचा एक भोळा इंजिनीअर होता. पदवी होती, पहिल्या वर्गातली होती. अकलेचं मात्र कुणी विचारलं नव्हतं.

कार्डावरच्या प्रत्येक भागाला चालायला ठोका लागतो. तो ठोका ज्याच्याकडून घ्यायचा, ते त्या भागाचं पालक क्लॉक. कोणाचं पालक कोणतं, ते ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅममध्ये लिहायचं, एवढंच पोफळ्याचं काम.

पहिल्यांदा लिफ्टचा पडदा लुकलुकायला लागला. त्याच्या वरिष्ठ देवस्थळी मॅडम म्हणाल्या, याला सगळ्यात वेगवान क्लॉक द्या. दिलं. पडदा सुधारला. पोफळ्याने धडा पाठ केला.

मग आला स्पीकर. पोफळ्याने त्यालाही सगळ्यात वेगवान क्लॉक दिलं. 'पहिला मजला' म्हणणारी बाई चिचुंद्रीसारखी चिरकली. मॅडमनी समजावलं, वेग माणसाला झेपेल इतकाच हवा. पोफळ्याने तोही धडा पाठ केला.

मग आला दाराचा सेन्सर. त्याला पोफळ्याने माणसाला झेपेल असं संथ क्लॉक दिलं. मध्ये कोणी आहे हे सेन्सरला कळेपर्यंत दार मिटलं, मॅडमचा पदर आत आणि मॅडम बाहेर. पदर सोडवत त्यांनी सांगितलं, इथे कधीही बंद न पडणारं, वेगवान क्लॉक लागतं.

मग आला पंखा. त्याला पोफळ्याने कधीही बंद न पडणारं क्लॉक दिलं. तो रिकाम्या लिफ्टमध्ये रात्रंदिवस गरगरत राहिला.

"पोफळे," मॅडम दमून म्हणाल्या, "जे वापरात नाही, त्याचं क्लॉक बंद ठेवायचं."

पोफळे आनंदाने कामाला लागला. कोण वापरात नाही, हे शोधता शोधता तो थेट मुळाशी पोचला. तिथे सगळ्या क्लॉकचं पालक क्लॉक होतं. ते ना दार उघडत होतं, ना पंखा फिरवत होतं. सगळी कामं पोरंच करत होती. असलं बसून खाणारं पोफळ्याने बंद केलं.

नेमक्या त्या वेळी काळभोर नावाच्या बिल्डरांना घेऊन मॅडम नमुन्याची लिफ्ट दाखवायला वर निघाल्या होत्या. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. दिवा गेला, पंखा गेला, धोक्याची घंटाही वाजेना. काळभोर घामाघूम होऊन भिंतीला टेकले.

पोफळे खाली दाराशी धावला. आपण काय केलं, ते त्याने अभिमानाने सांगितलं.

आतून मॅडमचा आवाज आला, "पोफळे, ते क्लॉक आत्ताच्या आत्ता चालू करा."

पोफळ्याने नीट विचार केला.

"कशाला, मॅडम?" तो म्हणाला. "लिफ्ट आता कुठे वापरात आहे?"