रक्तातलं गणित

सरनाईक सर समुद्रकाठच्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि मुलांचं रक्त आपण नुसतं बघून ओळखतो, असा त्यांचा दावा होता. गावात सिद्दी लोकांची दहा-बारा घरं होती. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेले. त्या घरांतलं मूल आठवीत आलं, की सर त्याला न विचारताच धावण्याच्या संघात घालत. शिष्यवृत्ती परीक्षेचा गणिताचा जादा तास नेमका धावण्याच्या सरावाच्या वेळीच असे, त्यामुळे तिथे सिद्दी मूल कधी दिसलंच नाही.

आठवीतल्या हलीमा सिद्दीचं गणित वर्गात सगळ्यांत पक्कं होतं. धावताना मात्र ती दर वेळी शेवटची येई. पालकसभेला मुलंही बसली होती; तिथे तिने उभं राहून शिष्यवृत्तीच्या तासाला बसायची परवानगी मागितली.

सर हसले. "तुझी जागा मैदानावर. धावणं तुम्हा लोकांच्या रक्तातच असतं. गणित या बाकीच्या मुलांच्या रक्तात आहे."

"मग सर, आमची अदलाबदल झाली आहे," हलीमा शांतपणे म्हणाली. "रक्तात असलेलं शिकवावं लागत नाही. मला गणिताला बसवा आणि यांना पळायला पाठवा. जे रक्तात नसतं, तेच शिकायला शाळेत येतात ना?"

सभेत हशा पिकला. गणिताच्या रेगे बाईंनी हसत हसत तिथेच हलीमाचं आणि आणखी चार सिद्दी मुलांचं नाव लिहून घेतलं.

त्या वर्षी धावण्याचा संघ निवडायला सरांना पहिल्यांदाच घड्याळ घेऊन उन्हात उभं राहावं लागलं.