अस्वलाने दम खाल्ला

मुलांनो, एका डोंगराच्या पायथ्याशी दाट जंगल होते आणि त्या जंगलात एक अस्वल राहत असे. राहत असे म्हणजे बहुतेक वेळ झोपत असे. उरलेल्या वेळात ते मध खाई, आणि मध नसला की मध कधी मिळेल याची चौकशी करी. स्वभावाने मोठे प्रेमळ, पण ऐकण्यात कच्चे. त्याच्याशी कुणी दहा शब्द बोलले, तर त्यातला खाण्याचा एक शब्द तेवढा त्याच्या कानात शिरायचा. बाकीचे नऊ कानावरच्या दाट केसांतच अडकून राहायचे.

त्याची बायको, अस्वलीण, मात्र अगदी निराळी. त्या जंगलात दर पौषात डोंगरफेरी होई. तुमच्या शहरात हल्ली छातीवर नंबर लावून मॅरेथॉन पळतात ना, तसलाच प्रकार. सूर्य उगवला की उंबराच्या झाडापासून निघायचे, अख्ख्या डोंगराला वळसा घालायचा आणि सूर्य मावळायच्या आत पुन्हा उंबराला पंजा लावायचा. पहिला कोण आणि दुसरा कोण, हे तिथे कुणी विचारत नसे. जो फेरी पुरी करी, त्याच्या घराच्या नावाने सुतारपक्षी उंबराच्या खोडावर चोचीने एक खूण करून ठेवी. अस्वलिणीने सलग सहा वर्षे फेरी पुरी केली होती. सलग सात खुणा असलेले घर जंगलात एकही नव्हते. पण एक वर्ष जरी चुकले, तरी सुतारपक्षी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. त्याच्यापुढे कुणाचीच डाळ शिजत नसे.

आणि नेमके सातव्या वर्षी, फेरीला चार दिवस उरले असताना, अस्वलिणीच्या पायावर दगड घरंगळला. पाय सुजून भोपळ्यासारखा झाला. ती गुहेच्या तोंडाशी बसून मुळूमुळू रडू लागली.

अस्वलाला काही तिचे रडणे बघवेना. ते म्हणाले, "अगं, एवढंच ना? घरातलं कुणीही पळालं तरी चालतं. यंदा मी पळतो."

"तुम्ही?" अस्वलीण रडायचीच थांबली. "अहो, नदीपर्यंत जाऊन आलात तरी दोन दिवस पाय चेपून घेता."

"त्यात काय एवढं! पळायचंच तर आहे. तू नाही का पळत?"

अस्वलिणीने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. त्याच्या पोटापाशी तिची नजर जरा जास्त वेळ थांबली. पण दुसरा उपायही नव्हता. ती म्हणाली, "मग नीट ऐका. सुरुवातीला उतार आहे. हरणं सुसाट सुटतील, त्यांच्या नादी लागू नका. तिथे दम धरा. पुढे चढ लागेल. चढून खिंडीत पोचलात की चांगला दम खा आणि मगच पुढे निघा. ऐकताय ना?"

"ऐकतोय, ऐकतोय," अस्वल म्हणाले. आता त्याने काय ऐकले असेल, हे तुम्ही ओळखलेच असेल. खिंडीत काहीतरी चांगले खायला मिळते, एवढेच त्याने ऐकले.

फेरीचा दिवस उजाडला. वानराने उंबराची फांदी गदागदा हलवली आणि सगळे प्राणी निघाले. हरणे सुटली, तसे अस्वलही त्यांच्यामागे सुटले. उतारावर त्याचे जड अंग आपोआप पुढे धावत होते. "अरे वा! मला तर हे जन्मजातच येतं!" ते ओरडले.

"अस्वलभाऊ, सावकाश! डोंगर काही पळून जात नाही!" मागून कोल्हा म्हणाला. पण अस्वल केव्हाच पुढे गेले होते.

उतार संपला आणि अस्वलही संपले. जीभ बाहेर आली, छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागचा कोल्हा पुढे गेला, ससा गेला, साळिंदरसुद्धा काटे खुळखुळवत पुढे निघून गेले. समोर चढ उभा होता. दुसरे कुणी असते तर तिथूनच परत फिरले असते. पण खिंडीत दम खायला मिळणार, या एका आशेवर अस्वल रडतखडत चढत राहिले.

खिंडीत पोचल्यावर त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. एका बोरीला चार बोरे होती. "हाच दम असणार," म्हणून त्याने ती तोंडात टाकली. बोरे एवढी आंबट निघाली, की त्याचा डावा डोळा आपोआप मिटला. "छे, असल्या आंबट वस्तूला आमची ही चांगला दम म्हणणार नाही." मग त्याने एक वारूळ उकरले. तिथे दम नव्हता, मुंग्या होत्या, आणि त्या त्याच्या नाकाला कडकडून चावल्या. या भानगडीत ऊन डोक्यावर आले आणि कलूही लागले.

जवळच एक रानकोंबडी पाचोळा उकरत होती. तिने विचारले, "मघापासून काय शोधताय, अस्वलभाऊ?"

"दम," नाक चोळत अस्वल म्हणाले. "खायचा दम. इथे खिंडीत मिळतो म्हणे. कसा असतो हो तो? गोड असतो का?"

रानकोंबडी इतकी हसली, की तिला स्वतःलाच दम लागला. मग तिला अस्वलाची दया आली. "अहो, दम काय झाडाला लागतो? या इथे. बसा खाली. त्या मोठ्या दगडाला टेका. आता डोळे मिटा आणि सावकाश श्वास घ्या. हं, सोडा. पुन्हा घ्या."

हळूहळू अस्वलाच्या छातीतली धडधड थांबली. पाय थोडे हलके झाले.

"बरं वाटतंय?" रानकोंबडीने विचारले.

"वाटतंय खरं."

"झालं तर मग. हाच तो दम. खाल्लात की तुम्ही!"

"चव अशी काही नाही त्याला," अस्वल म्हणाले, "पण पोट भरतं." आणि ते कोंबडीबरोबर पोट धरून हसले.

हसू ओसरल्यावर रानकोंबडी म्हणाली, "तुमची मंडळी दर वर्षी याच दगडाला टेकते. पहिल्या वर्षी तर इथे बसून रडली होती बिचारी. मी म्हटलं, बाई, परत फिर, कशाला जिवाला त्रास? तर म्हणाली, नको गं, घरी गेल्यावर हे विचारतील ना, कशी झाली फेरी म्हणून. अर्ध्यातून आले तर काय सांगू?"

अस्वलाचे हसू पार मावळले. त्याला सगळे आठवत होते. पहिल्या वर्षी अस्वलीण लंगडत घरी आली, तेव्हा ते कुशीवर वळून म्हणाले होते, "आलीस? येताना मध आणलास का?" दुसऱ्या वर्षीही त्याने तेच विचारले होते. तिसऱ्या वर्षी तर त्याला जागच आली नव्हती.

ते उठले आणि चालू लागले. पुढे मोठा उघडा माळ होता. दगड तापलेले, सावलीला तुरळक झाडे. अस्वल एक झाड गाठी, तिथे दम खाई आणि मग पुढच्या झाडाकडे निघे. चौथ्या झाडाखाली त्याचे पाय उचलेनात. पायांना फोड आले होते. "मला नाही जमत," ते मोठ्याने म्हणाले. ऐकायला तिथे कुणी नव्हते. त्याला फार वाईट वाटले, पण स्वतःबद्दल नाही. अस्वलीणही सहा वर्षे इथेच कुठेतरी हेच म्हणाली असेल, आणि तेव्हाही ऐकायला कुणी नसेल. ते पुन्हा उठले.

इकडे उंबराखाली सगळे येऊन पोचले होते. हरणे सकाळीच आली होती, साळिंदर दुपार कलल्यावर आले. सूर्य टेकडीला टेकला तसा वानर म्हणाला, "वहिनी, चला आता घरी. पुढच्या वर्षी मोजू पहिल्यापासून."

"थांबा हो जरा," सुजलेला पाय धरून अस्वलीण म्हणाली. "ते ऐकत नाहीत कधी कुणाचं. पण येतो म्हटलं की येतात."

सुतारपक्षी एकदा सूर्याकडे आणि एकदा वाटेकडे बघत राहिला. तेवढ्यात वळणावर काहीतरी काळे डुलताना दिसले. त्याला पळणे म्हणता येत नव्हते आणि चालणेही म्हणता येत नव्हते, पण ते येत होते. "या, या, अस्वलभाऊ!" सगळे जंगल ओरडू लागले. अस्वलीण एका पायावर उभी राहिली. सूर्याची लाल कड तेवढी उरली असताना अस्वलाने उंबराला पंजा लावला. लावला कसला, ते त्याच्यावर कोसळलेच. आणि सुतारपक्ष्याने टक् टक् करून सातवी खूण केली.

सगळे अस्वलाभोवती जमले. कोल्हा म्हणाला, "वाहवा, भाऊ! सांगा, कशी झाली फेरी?"

अस्वलाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ते सरपटत अस्वलिणीपाशी गेले आणि तिचा सुजलेला पाय त्याने अलगद मांडीवर घेतला.

"अगं," ते म्हणाले, "तू हे सहा वेळा केलंस?"

अस्वलिणीने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

"आणि मी सहाही वेळा झोपलो होतो. आता सांग. अगदी पहिल्या वर्षापासून सांग. कशी झाली तुझी फेरी?"

तात्पर्य : आपल्याला दम लागल्यावाचून दुसऱ्याचा दम कळत नाही.