परीकडे मागितलेला आशीर्वाद

जसिंताच्या फ्रॉकला एक निळं ठिगळ होतं, एक पिवळं होतं, आणि पिवळ्या ठिगळावर पुन्हा एक चिमुकलं लाल ठिगळ होतं. सगळी आईनं लावलेली. नंतर पडलेलं भोक मात्र भोकच राहिलं, कारण उन्हाळ्यात आई आजारी पडली आणि पाऊस लागायच्या आत देवाघरी गेली.

समुद्राकाठी, माडांच्या आणि केळींच्या हिरव्यागार सावलीत त्यांचं इवलंसं घर होतं. घरामागे इवलीशी वाडी, आणि वाडीच्या कडेला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं एक झोपाळू तळं. आई होती तेव्हा त्या वाडीत शेवंती पिवळीधमक हसायची, तगर चांदण्यांसारखी पसरायची आणि अबोली शेंदरी-शेंदरी लाजायची. बाबा पाणी घालायचे, आई फुलं खुडायची, गजरे करून बाजारात न्यायची. आता बाबा कुणी बोलावलं तर कामाला जायचे, नाहीतर उंबऱ्यावर बसून राहायचे. वाडी सुकून भुऱ्या कागदासारखी झाली होती.

त्या गावाची एक रीत होती. संध्याकाळी चर्चची घंटा वाजली की जो जिथं असेल तिथं थांबायचा. डोक्यावर घागर असो की हातात कोंबडी, थांबायचं, मारियामातेची प्रार्थना म्हणायची. आणि प्रार्थना संपली की समोर जे कुणी मोठं माणूस असेल, त्याच्यापुढे मुलांनी हात जोडून म्हणायचं, "आशीर्वाद द्या." मोठ्या माणसानं डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "देव तुझं भलं करो." मग जेवण.

आई गेली त्या आठवड्यात जसिंतानं बाबांपुढे हात जोडले, तर बाबांनी तोंड फिरवलं.

"माझ्याकडे नाही गं आशीर्वाद, पोरी," ते म्हणाले. "मी गुडघे टेकले, मेणबत्त्या लावल्या, किती मागितलं. कुणी ऐकलं नाही. आता रिकाम्या घागरीतून तुला काय ओतून देऊ?"

तेव्हापासून त्या घरात घंटा ऐकू यायची, पण तिच्यानंतर काहीच व्हायचं नाही. जसिंता तशीच जेवायची. पोट भरायचं, पण डोक्यावर गार गार वाटत राहायचं, जसं आंघोळीनंतर केस पुसायचे राहून गेल्यावर वाटतं.

वाडीत अबोलीचं एकच रोपटं अजून तग धरून होतं. जसिंता रोज बावखलातून तांब्याभर पाणी आणून त्याला घालायची. मोठी बादली तिला उचलवायची नाही.

एका संध्याकाळी आकाश पेरूच्या गरासारखं गुलाबी झालं होतं. जसिंता पाणी घालत होती आणि तेवढ्यात घंटा वाजली. तिनं तांब्या खाली ठेवला, डोळे मिटले, प्रार्थना म्हटली. डोळे उघडले तर अबोलीच्या फांदीवर एक परी बसलेली!

आता परी नेमकी कशी होती, हे मला दरवेळी वेगळंच सांगावंसं वाटतं, म्हणून जेवढं नक्की आहे तेवढंच सांगते. ती अंगठ्याएवढी होती. तगरीच्या पाकळीचा झगा होता. पंख पाण्यावर पडलेल्या उन्हासारखे होते, मिनिटभर सोनेरी, मिनिटभर काहीच नाही.

दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं. जसिंतानं मात्र पटकन हात जोडले आणि म्हणाली, "आशीर्वाद द्या."

परी इतकी दचकली की फांदीवरून घसरलीच. "काय म्हणालीस?"

"आशीर्वाद. घंटेनंतर समोर मोठं माणूस असलं की मागायचा असतो."

"अगं, मी मोठी? मी तुझ्या अंगठ्याएवढी!"

"वयानं मोठ्या असाल ना?"

"असेन," परी जरा नाराजीनंच म्हणाली. "पण तसं कुणी तोंडावर म्हणत नाही." मग ती इवलंसं हसली. "आजवर मला कुणी सोनं मागितलं, कुणी घोडा मागितला. आशीर्वाद पहिल्यांदाच. तो मला देता येत नाही, राणी. आशीर्वाद देवाचा असतो आणि तो द्यायला माणसाचा हात लागतो. माझ्याकडे फक्त इच्छा आहेत. खरं तर एकच आहे. तीन-तीन देणाऱ्या त्या मोठ्या पऱ्या, त्या डोंगरात राहतात. मी वाडीतली. पण तू माझ्या घराला रोज पाणी घातलंस, म्हणून ती एक तुझी."

जसिंताचं काळीज फुलपाखरासारखं फडफडलं. "मग माझी आई परत द्या."

परीचे पंख विझल्यासारखे झाले. ती उडून जसिंताच्या बोटावर येऊन बसली. तिचं वजन दवाच्या थेंबाएवढं होतं.

"देवानं ज्यांना आपल्या घरी नेलं, त्यांना मागता येत नाही. तो पहिला नियम. माझे पंख तिथवर पोचतच नाहीत. दुसरा नियम, कुणाचं मन बदलून मागता येत नाही, म्हणजे बाबांना हसवा असंही चालायचं नाही. आणि तिसरा, स्वतःसाठी मागितलेलं पुढच्या घंटेपर्यंतच टिकतं. दुसऱ्यासाठी मागितलेलं मात्र रुजतं. उद्या याच वेळी ये. विचार करून ये."

रात्रभर जसिंतानं विचार केला. म्हणजे झोप लागेपर्यंत केला. आईचा चेहरा तिला आठवत होता, हातसुद्धा आठवत होते, पण आवाज? तो दिवसेंदिवस पातळ होत चालला होता, ताकात पाणी वाढवत जावं तसा. "मी आईचा आवाज मागेन," तिनं ठरवलं. "पुढच्या घंटेपर्यंत का होईना."

दुसऱ्या दिवशी गावात लगबग होती. मृतांचा दिवस उद्यावर आला होता. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या माणसांच्या कबरीवर फुलं वाहतं, मेणबत्त्या लावतं, म्हणून आदल्या दिवशी सगळे कबरस्तानात जाऊन गवत काढतात. बाबा आले नाहीत. जसिंता एकटीच गेली. आईच्या मातीच्या ढिगाऱ्यावरचं गवत तिनं चिमट्या-चिमट्यांनी उपटलं, लाकडी क्रूस सरळ केला.

बाहेर आली तर भिंतीला टेकून कार्मेलिन काकी बसलेल्या. काकी शेजारच्याच. जिभेनं तिखट, आणि लोणच्यानंही.

"काय गं, ही वेणी कुणी घातली? बाबानं? वाटलंच. वांग्याच्या देठासारखी दिसतेय. ये इकडे." आणि काकींनी तिची वेणी सोडून नव्यानं घालायला घेतली.

"काकी, तुम्ही आत नाही जात?"

"आत माझं कोण आहे? माझा सावेर बोट घेऊन गेला तो गेला. समुद्रानं बोटीची फळी परत दिली, पोरगा नाही दिला." काकींनी केस जरा जास्तच ओढले. "लोक आपापल्या कबरीवर फुलं ठेवतात. मी कुठं ठेवू? लाटेवर? म्हणून इथं बसते. आतल्या मेणबत्त्यांचा वास येतो, तेवढा पुरे."

"मग तुम्ही देवावर रागावलात?"

"रागावले ना! पुष्कळ भांडले त्याच्याशी. पण भांडायला तरी दुसरं कोण आहे गं मला? आणि भांडता भांडता एक दिवस सुचलं. जो येशू पाण्यावरून चालत गेला, त्याला माझ्या सावेरचा पत्ता कुणाला विचारावा लागणार आहे?" काकींनी वेणीला गाठ मारली. "तोच शोधेल, तोच उठवेल. चल, ऊठ. आता माणसात आलीस."

जसिंता घराकडे निघाली, पण तिचे पाय जड झाले. आईचा आवाज तिला हवा होता. खूप हवा होता. बावखलाच्या काठी बसून ती थोडं रडलीसुद्धा. पाण्यात आकाश गुलाबी झालं, मग केशरी, मग जांभळं. घंटा वाजली.

परी फांदीवर वाट पाहत होती. "काय मागतेस?"

जसिंतानं ओठ घट्ट मिटले, मग उघडले. "वाडीत फुलं येऊ देत. पुष्कळ. ज्यांना कुणी फुलं नेत नाही, त्यांनासुद्धा पुरतील एवढी. समुद्रात गेलेल्यांनासुद्धा."

"नक्की? स्वतःसाठी काहीच नको?"

"हवंय ना," जसिंता म्हणाली. "पण काकी भिंतीबाहेर बसतात हो."

परी फांदीवरून उडाली. ती फक्त वाडीवरून एकदा फिरली, आणि जिथं जिथं तिची सावली पडली तिथं माती श्वास घेतल्यासारखी हलली.

सकाळी बाबांनी दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. वाडी उसळून आली होती! पिवळी शेवंती, पांढरी शेवंती, दुधासारखी तगर, लाल-लाल गुलाब, आणि सगळीकडे अबोली, शेंदरी ठिणग्या उडाव्यात तशी. मधमाश्या वेड्या झाल्या होत्या. दवाच्या थेंबाथेंबात एक एक सूर्य.

"हे कुणी केलं?" बाबा पुटपुटले.

"बाबा, खुडायला हवीत. ऊन चढलं की मान टाकतील."

फुलं पिकवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याचे हात आपोआप चालतात. बाबांनी टोपली घेतली. ते शेवंती खुडू लागले. मग जसिंतानं अबोली ओरबाडून तोडलेली पाहून ते एकदम म्हणाले, "अगं, अशी नाही! तुझ्या आईनं पाहिलं असतं तर..." आणि कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून त्यांनी हुबेहूब आईची नक्कल केली, "अहो, दांडीसकट खुडा, दांडीसकट! बिनमानेचं फूल मी गजऱ्यात कुठून ओवू? माझ्या नाकातून?"

जसिंता थिजली. तो आवाज! घोगरा होता, मिशांतून आला होता, पण आतला सूर आईचाच होता. "पुन्हा, बाबा! पुन्हा करा ना!"

बाबांनी पुन्हा केलं. मग आई मांजराला कशी ओरडायची ते केलं. हसता हसता त्यांना रडू आलं, आणि रडता रडता टोपल्या भरल्या.

त्या दिवशी बाबा कबरस्तानात आले. आईच्या मातीवर त्यांनी फुलं पसरली आणि बराच वेळ तिथंच बसून राहिले. ज्या कबरींवर कुणी आलं नव्हतं, तिथं जसिंतानं शेवंती ठेवली. तरी टोपल्या भरलेल्याच! मग ती भिंतीबाहेर गेली आणि कार्मेलिन काकींचा हात धरून म्हणाली, "चला. सावेरदादाकडे जाऊ."

"कुठं?"

"लाटेवर."

काकींनी पदर खोचला आणि त्या उठल्या.

तिघं समुद्रावर गेली. ओहोटी लागली होती. काकी गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि ओंजळी-ओंजळीनं फुलं सोडू लागल्या. पाणी फुलांना हळूच आत नेऊ लागलं, पिवळं, पांढरं, लाल, शेंदरी, जणू समुद्रानं फुलाफुलांची चादर ओढून घेतली. काकी काहीतरी बोलत होत्या. बहुतेक सावेरला रागावत होत्या. पण चेहरा पावसानंतरच्या अंगणासारखा स्वच्छ झाला होता.

तेवढ्यात दूर गावातून घंटा ऐकू आली.

काकी पाण्यातच थांबल्या. जसिंता वाळूत थांबली. बाबा चुळबुळले, आणि तेही थांबले. काकींनी प्रार्थना सुरू केली. मधल्या एका ओळीला, हळूच, गंजलेल्या दारासारखा बाबांचा आवाज तिच्यात मिसळला.

प्रार्थना संपली. जसिंता बाबांकडे वळली. तिनं हात जोडले, पण शब्द तोंडातून निघेना. पुन्हा तोंड फिरवलं तर?

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. "काकी," ते म्हणाले, "मी अजून रिकामाच आहे हो. हिला काय देऊ?"

"अरे वेड्या, घागर कुणाची भरलेली असते?" काकी खेकसल्या. "आशीर्वाद काय तुझ्या घरचा आहे? तो देवाचा. तुझा फक्त हात. ठेव की लेकराच्या डोक्यावर!"

बाबांनी हात उचलला. फुलांचा वास येणारा तो खरखरीत हात जसिंताच्या डोक्यावर टेकला, आणि बाबा म्हणाले, "देव तुझं भलं करो, माझ्या सोन्या. आणि तुझी आई, तू नि मी, आपली तिघांची पुन्हा गाठ घालो. घालीलच तो."

जसिंताला वाटलं, डोक्यापासून पायापर्यंत कुणी ऊन ओतलं.

तिनं डोळे वर केले तर बाबांच्या खांद्यामागे परी तरंगत होती. आता तिचे पंख लपत-छपत नव्हते, लखलखत होते. तिनं आपले चिमुकले हात जोडले, मान लववली, बाबांच्या त्या हाताखालून ती अलगद एकदा फिरून गेली, आणि हसली. मग तिचा झगा उजळला, केस उजळले, ती एक ठिपका झाली, ठिपक्याची ठिणगी झाली, आणि ठिणगी समुद्रावर फुटून इतकं सोनेरी झालं की क्षणभर लाटा, माणसं, वाळू काही म्हणजे काही वेगळं दिसेना.

"डोळे का गं चोळतेस?" काकींनी विचारलं. "वाळू गेली का?"

"नाही काकी."

"मग चला आता. माझं सार चुलीवर राहिलंय, आटून त्याची चटणी झाली असेल. तिघांना पुरेल तेवढी, म्हणजे झालं."

ज्यांच्या घरातलं एखादं ताट कमी झालं असेल, त्यांच्या डोक्यावरही आज संध्याकाळी कुणाचा तरी हात येवो. तो जसिंताला मिळाला, तसा तुम्हालाही मिळो. आता डोळे मिटा.