पाय ठेवायचा पाट

एक होता राजा. पण राजाचं आज काही काम नाही, त्याला झोपू दे. आपली गोष्ट त्याच्या स्वयंपाकघरातली. तिथली चूल उंच ओट्यावर होती, बरं का, म्हणून सगळं रांधणं उभ्यानं.

राजाला दोन सुना. थोरली हेमावती, धाकटी कुंदा. हेमावतीच्या हातची पुरणपोळी तोंडात घातली की विरघळायची. पण दुपार झाली की तिची कंबर भरून यायची, पायांचे दगड व्हायचे आणि शेवटच्या पोळ्या फाटायच्या. कुंदा मात्र संध्याकाळीसुद्धा गुणगुणत असायची. ते गुणगुणणं हेमावतीला मिरचीसारखं झोंबायचं.

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "सणाला जिची शेवटची पोळी पहिलीइतकी मऊ, तिच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या."

हेमावतीनं कुंदाकडे तिरकं पाहिलं. थोरली ती, आणि किल्ल्या धाकटीला? हिनं माहेराहून काहीतरी जादू आणलीय खास!

मग कुंदा न्हायला गेली तशी हेमावती तिच्या ओट्यापाशी आली. खाली गोधडीची घडी होती. ती पळवली, कमरेला गुंडाळली. कंबर दुखतच राहिली, वर घाम आला तो वेगळा. दुसऱ्या दिवशी ओट्यावरची पालथी परात पळवली, उशाला घेतली. मान धरली. मग तिसऱ्या दिवशी लाकडी पाट पळवला, देवघरात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं.

सण आला. पहाटेपासून दोघी उभ्या. कुंदाचं गुणगुणणं बंद. हेमावतीला बरं वाटलं हो, खोटं कशाला सांगू! पण स्वतःची कंबर काही ऐकेना. मग ती देवघरात गेली. "पाटदेवा, पाव रे!"

तर पाट बोलला! "बाई, फूल नको. पाय दे."

"अगंबाई! पाटाला पाय लावू?"

"लाव की. उभ्यानं काम करताना एक पाय माझ्यावर ठेव. तो अवघडला की दुसरा. गोधडी पायांखाली घाल. आणि परात पालथी घालून तिच्यावर पोळपाट ठेवायचा असतो, म्हणजे वाकावं लागत नाही. पण ते उंच बाईसाठी. तू बुटकी, तुला कशाला?"

हेमावतीला राग आला. पण तिनं ऐकलं. पाट ओट्यापाशी आणला, गोधडी अंथरली, पाटावर पाय ठेवला आणि काय सांगू, कंबर सैल झाली! किल्ल्या आता आपल्याच. मग सहज तिनं बाजूला पाहिलं. उंच कुंदा कमरेवर हात ठेवून ओट्यावर पार वाकली होती. ते वाकणं हेमावतीच्या फार ओळखीचं होतं.

"कुंदे, ही घे तुझी परात."

"म्हणजे तुम्ही नेलीत?"

"मीच. तुझं गुणगुणणं सोसत नव्हतं मला."

"अहो जाऊबाई, तुमच्या पोळ्या बघून जळायचे मी! कुणाला कळू नये म्हणून गुणगुणायचे."

हेमावती असं हसली, असं हसली, की पुरण सांडता सांडता राहिलं. मग कुंदा परातीवरच्या पोळपाटावर लाटू लागली, हेमावती भाजू लागली. गोधडीवर दोघी, मध्ये पाट, त्याच्यावर एक पाय हिचा, एक तिचा.

शेवटची पोळी पहिलीपेक्षा मऊ! सासूबाईंनी विचारलं, "ही कुणाची गं?"

दोघी एकदम म्हणाल्या, "माझी!"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि किल्ल्या ओट्यावरच्या खुंटीला अडकवल्या. त्या अजून तिथेच आहेत. दोघी सुखानं रांधतात, थोडंसं जळतात, पण कंबर कुणाचीच दुखत नाही.

चला, तुम्ही तर दिवसभर नुसते हुंदडलात. पाय लांब करा आणि झोपा.