दुकान वाढवलं

"वाढवू का नको, एवढंच सांगा स्वामी. बाकी मी बघून घेतो."

मन्मथ कोरे हात जोडून उभा होता, पण त्या हात जोडण्यातही घाई होती.

हिप्पळगावच्या वाणी गल्लीत त्याचं किराणा दुकान, आजोबांपासूनचं. बस स्टँडसमोर कंपनीचं मोठं दुकान उघडून चारच महिने झाले होते आणि तेवढ्यात त्याची निम्मी गिऱ्हाइकं तिकडं वळली होती. दुकान मोठं करायचं, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं. मठात तो आला होता फक्त शिक्का मारून घ्यायला.

गुरुलिंगस्वामी ओसरीवर बेलाची पानं निवडत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"वाढव," ते म्हणाले.

मन्मथ पाया पडला आणि लगबगीनं निघाला. स्वामी आणखी काही बोलतील म्हणून थांबावं, असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

वर्षभरानं तो पुन्हा आला. अमावास्या होती. दुपारच्या महाप्रसादाची तयारी चालू होती. या वेळी त्यानं हात जोडले नाहीत.

"तुमच्या शब्दावर मी दुकान वाढवलं, स्वामी."

"असं?"

"वडिलांची फडताळं काढली. पुढचं बाकडं काढलं. काचेचं दार बसवलं, एसी लावला. लोकांनी हातानं माल घ्यावा म्हणून टोपल्या ठेवल्या, चाकांच्या गाड्या ठेवल्या. दाराला घंटी लावलीय, कुणी आत आलं की वाजते."

"वाजते का?"

मन्मथनं नजर खाली घातली.

"वारा सुटला की वाजते..."

स्वामी हसले नाहीत. हसले असते तर बरं, असं मन्मथला वाटून गेलं.

"दिवसभर काय करतोस?"

"काचेतनं रस्ता बघतो." त्याचा आवाज खाली आला. "पूर्वी शुक्रवारी बाजाराला खेड्यातल्या बाया यायच्या. पिशव्या माझ्या दुकानात टाकून गावभर फिरायच्या. जरा पाणी द्या आप्पा, पोराला बघा आप्पा, आमचे मालक आले तर थांबवा आप्पा... डोकं उठायचं माझं. आता 'आप्पा' म्हणून कुणी हाक मारावी म्हणून कान टवकारून बसतो. लाज वाटते सांगायला. माल जाऊ दे खड्ड्यात, स्वामी. मला माझी माणसं परत पाहिजेत."

मग त्यानं एकदम मान वर केली.

"आणि तुम्हीच म्हणालात, वाढव!"

"तुझे वडील संध्याकाळी दुकानातून निघताना काय म्हणायचे?"

"म्हणायचे, चला, दुकान वाढवलं."

"आणि करायचे काय?"

"फळ्या लावायचे, कुलूप..."

मन्मथचं तोंड उघडंच राहिलं.

व्यापाऱ्याच्या तोंडातून 'बंद' हा शब्द सहसा निघत नाही. तो अशुभ. कुलूप लावतानासुद्धा वाणी दुकान वाढवतो, आणि त्याच्या बायकोची बांगडी पिचली तर तीही वाढते. मन्मथ हे ऐकतच लहानाचा मोठा झालेला. नेमक्या वेळी मात्र त्याला हवा तेवढाच अर्थ ऐकू आला. तसं आपल्या सगळ्यांचंच होतं म्हणा. पण आपण त्यापायी एसी लावत नाही.

"म्हणजे... तुम्ही बंद कर म्हणाला होतात?"

"तू विचारलं नाहीस."

"माझं अख्खं वर्ष गेलं, स्वामी!"

स्वामींनी आत स्वयंपाकाकडं नजर टाकली.

"बरं, मग आता विचारतो. दोन्हीतलं कुठलं?"

तेवढ्यात आत पंगत बसल्याची हाक आली. स्वामी उठले. चुलीवरून उतरवलेल्या हुग्गीची बादली, म्हणजे गव्हाच्या खिरीची, त्यांनी मन्मथच्या एका हातात दिली आणि दुसऱ्या हातात डाव दिला.

"वाढ," ते म्हणाले.

हा आणखी तिसराच अर्थ! हसावं की बादली आपटून चालतं व्हावं, मन्मथला कळेना. पण समोर पत्रावळी मांडलेल्या आणि माणसं बसलेली. अशा वेळी रुसून बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो वाकला आणि वाढू लागला.

चौथ्या पानापर्यंत राग निवला. दहाव्या पानाशी पाठ सैल झाली.

"आप्पा, इकडं!"

"आलो, आलो."

"आप्पा, आमच्या म्हाताऱ्याला गार करून द्या."

किती दिवसांनी... त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हुग्गीची वाफ गेली, असं दाखवत त्यानं ते बाहीनं पुसलं.

गल्लीतल्या सुंदराबाईंच्या पानात त्यानं अर्धाच डाव टाकला.

"एवढीच का हो, आप्पा?"

"गूळ न्यायचं बंद केलंत, तेव्हाच कळलं मला. शुगर निघालीय ना तुम्हाला?"

पंगत खळखळून हसली. सुंदराबाईही हसल्या, पदर तोंडाशी धरून.

मन्मथला चेव चढला. "कंपनीच्या दुकानाला जमेल का हे? कुणाच्या घरात काय चाललंय, सगळं ठाऊक असतं मला!"

"म्हणून तर लोक तिकडं जातात, आप्पा."

आवाज पंगतीच्या टोकाकडून आला. त्यानं वळून बघितलं. कंपनीच्या दुकानाचा निळा गणवेश घातलेली महानंदा बसली होती. जेवणाच्या सुट्टीत आली असावी. तीन घरं सोडून राहायची. लग्न होऊन आल्यापासूनचं त्याचं गिऱ्हाईक. आता तिकडं कामाला होती.

मन्मथ बादली घेऊन तिच्यापुढं गेला.

"काय म्हणालीस?"

"आमचे हे काम सुटून घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. मी चहापत्तीची बारकी पुडी मागितली. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, का गं, आज एवढीशीच? बाकड्यावर पाच जणं बसली होती. दिवे लागायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं."

"मी... मायेनं विचारलं होतं."

"ठाऊक हाय मला. तरी दुसऱ्या दिवशी तुमच्या दारावरनं यायला नको वाटलं." ती पत्रावळीवरचा भात उगाच चिवडत राहिली. "तिकडं कसं, टोपलीत टाकायचं, मशीन वाजतं, पिशवी उचलून चालायला लागायचं. कुणी काही विचारत नाही. लई बरं वाटतं लोकांना."

"आणि तुला?"

तिनं भात बाजूला सारला.

"मी दिवसभर तिथं उभी असते, आप्पा. गावातलीच माणसं पुढनं जातात. माझ्या माहेरची, सासरची. मागच्या महिन्यात ताप अंगावर काढला आठ दिवस." तिनं डोळे वर केले. "मला बी कुणी विचारत नाही."

बादलीची कडी मन्मथच्या बोटांत रुतत होती. वर्षभर त्याला वाटत होतं, या गावात झुरतोय तो आपण एकटेच.

स्वामी त्याच्या मागं येऊन उभे राहिले होते.

"स्वामी, आता तरी सांगा," तो वळून म्हणाला. "दुकान मोठं ठेवू का बंद करू? काय करू मी?"

स्वामींनी महानंदाच्या पानाकडं बघितलं.

"आधी हिला विचार, हुग्गी हवी का. आणि हळू विचार."