सात ओव्यांची विहीर

उंबरदऱ्याची जुनी विहीर पुराच्या गाळात गडप झाली, त्याला चाळीस वर्षं झाली होती. यंदा गावात पाण्याचा टिपूस उरला नाही, तेव्हा ती उकरायचं ठरलं. पण पाणीपुरवठा खात्याचे बेलसरे साहेब गुरकावले, "दप्तरात नोंदच सापडत नाही. मशीन एकच खड्डा खणेल. कुठं खणू, बोला!"

"मारुतीच्या पायरीपासून सात ओव्यांवर," म्हाताऱ्या ठकूबाई म्हणाल्या.

"गाण्यानं जमीन मोजणार?" साहेब खो खो हसले.

ठकूबाई पायरीपासून जुन्या पाणवाटेच्या रोखानं गात निघाल्या. सातवी ओवी संपली ती थेट कातळावर. तिथं विहीर कशी असेल? साहेबांना तर चेवच आला.

ठकूबाईंना भागू आठवली, यमुना आठवली. विहिरीवरून घरी येताना मारुतीच्या पायरीपर्यंत तिघी एका सुरात या सात ओव्या गायच्या. आता त्या दोघीही नव्हत्या.

"अगं बाई, ही तर परतीची गाणी! तेव्हा डोईवर भरला हंडा असायचा."

पाणी कुठलं मिळायला? त्यांनी हंडा वाळूनं भरून डोक्यावर घेतला आणि पायरीपासून पुन्हा गायला लागल्या. पावलं आपोआप आखूड पडली. सातवी ओवी कातळाच्या बरीच अलीकडे संपली.

"इथं खणा."

दहा फुटांवर घडीव दगडांचा कठडा लागला, त्याच्या आत ओला गाळ.

साहेबांचा सूर एकदम मऊ झाला. "बाई, त्या ओव्या लिहून द्या. फायलीत जपून ठेवतो."

"नको साहेब," ठकूबाई हंड्यातली वाळू ओतून टाकत म्हणाल्या, "तुमच्या फायलीत आमची अख्खी विहीर हरवली."