भेगेवरच्या पट्ट्या

एकदा एक वृद्ध कारागीर चार दिवस परगावी गेला आणि दुकान त्याने शिष्यावर सोपवले. तंतुवाद्ये दुरुस्त करण्यात कारागिराच्या हाताला असा गुण होता, की लोक दोन-दोन गावे ओलांडून त्याच्याकडे येत. शिष्याला तिथे पाच वर्षे झाली होती. तो कष्टाळू होता, कामाला चोख होता, आणि आपल्याला आता सारे येते असे त्याला मनातून वाटू लागले होते. पाच वर्षांनी असे वाटतेच. पंधरा वर्षांनी ते जाते.

दुसऱ्याच दिवशी शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई गिटार घेऊन आल्या. वरच्या फळीला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासून थेट खालच्या काठापर्यंत भेग गेली होती.

"माझ्या धाकट्या भावाची आहे. तो गेल्यापासून मीच वाजवते," बाई म्हणाल्या. "भर उन्हात गाडीत विसरले. चूक माझीच. पण हिच्या आवाजात तो मला भेटतो हो. तेवढा आवाज परत द्या."

शिष्याला भरून आले. "बाई, अगदी निश्चिंत राहा. जन्मात पुन्हा फुटणार नाही अशी करून देतो."

आणि त्याने दिलेला शब्द पाळला. भेग सरसाने जोडली. आतून तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर जाडीची सागवानी पट्टी बसवली. तेवढ्यावर मन भरेना, म्हणून दोन्ही बाजूंना आणखी एकेक पट्टी लावली. वरून रंग आणि पॉलिश असे चढवले, की भेग कुठे होती हे त्याचे त्यालाच शोधावे लागे.

चौथ्या दिवशी गुरू परतला आणि थोड्याच वेळात बाईही आल्या. गिटार पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तारा छेडल्या, आणि तोच चेहरा उतरला. पुन्हा छेडल्या. आवाज उशीखालून आल्यासारखा दबलेला होता.

"हा तो आवाज नाही," त्या हळूच म्हणाल्या.

शिष्याचे कान तापले. "बाई, एकदा भेग पडली की आवाज पूर्वीसारखा होत नसतो. कोणीही केलं तरी एवढंच होणार."

गुरूने आपल्या बैठकीशेजारी टांगलेली जुनी गिटार उतरवली आणि बाईंच्या हाती दिली. दिवसाचे काम संपले की तो ती वाजवत बसे, आणि त्या गोडव्याला गावात तोड नाही हे शिष्य अभिमानाने सर्वांना सांगे. बाईंनी तारा छेडताच दुकान भरून गेले. मग गुरूने ती गिटार शिष्याकडे दिली, सोबत एक छोटा दिवा आणि हातभर दांड्याचा आरसा. "मधल्या भोकातून आत बघ," एवढेच म्हणाला.

शिष्याने पाहिले. वरून ज्यांना तो पाच वर्षे ओरखडे समजत होता, त्या भेगा होत्या. एक नाही, चांगल्या सात. प्रत्येकीवर नखाएवढ्या दोन-तीन लाकडी चकत्या होत्या, काठांना कागदासारख्या पातळ तासलेल्या. बाकी सारी फळी मोकळी होती.

"भेग उघडी असली की तिचे काठ एकमेकांवर खरखरतात," गुरू म्हणाला. "ते सरसाने नीट सांधले, की फळी पुन्हा एक होते, आणि सांधा कुठे आहे हे सुराला कळतही नाही. सूर उमटतो तो फळी थरथरते म्हणून. भेग धरून ठेवायला तीन चकत्या पुरत होत्या. त्यावरचं सगळं लाकूड तू आपल्या धास्तीपायी लावलंस. उद्या फुटली तर आपलं नाव जाईल, ही ती धास्ती. बिचाऱ्या फळीने ते ओझं उचललं, आणि गाणं खाली ठेवलं."

मग शिष्य बाईंकडे वळला. "चूक भेगेची नव्हती, माझी होती. मला तीन दिवस द्या."

गरम पात्याने सरस मऊ करत, एकेक बोट सरकत, त्याने आपल्याच पट्ट्या उपसून काढल्या. फळी चिरेल या भीतीने त्याच्या कपाळावर घाम येई. वरचा जाड रंगही त्याने तासला. आत तीन चकत्या लावल्या. भेगेची रेघ आता उघड दिसत होती.

तिसऱ्या दिवशी बाईंनी गिटार मांडीवर घेतली. दोनच स्वर वाजले आणि त्यांचा हात थांबला. डोळे पुसून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि यावेळी थांबल्या नाहीत.

निघताना त्या दारात घुटमळल्या. "पुन्हा फुटणार तर नाही ना?"

"फुटूही शकते, बाई," शिष्य म्हणाला. "फुटली तर घेऊन या. जोडून देईन."

ज्याला असे निर्धास्तपणे सांगता येते, त्याचाच हात कामावर हलका पडतो.